रक्ताची साक्ष, घरच्यांची साक्ष



आज ज्या शब्दाबद्दल बोलायचं आहे, तो तुमच्या ओळखीचा आहे. शब्द आहे ‘सेप्टिक’. पायात खिळा घुसला, जखम चिघळली, की आपण म्हणतो, ‘सेप्टिक झालं.’ घरामागे मैल्याची टाकी बांधली, की ती ‘सेप्टिक टँक’. दोन्हीकडे अर्थ एकच, कुजणं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. त्याच कुळातला दुसरा शब्द म्हणजे ‘सेप्सिस’. हा मात्र आपल्या कानावर पहिल्यांदा पडतो तो अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा माणूस आहे, शिक्षण बी. ए. वैद्यकातलं जे सांगणार आहे, ते वाचून आणि जाणकारांना विचारून समजून घेतलेलं आहे. पण शब्द हा माझा प्रांत, आणि या आजाराची पहिली अडचण शब्दाचीच आहे. त्याला मराठीत घरगुती नाव नाही. माणूस जातो तेव्हा घरचे सांगतात, ‘न्यूमोनियानं गेला’, ‘लघवीचं इन्फेक्शन झालं होतं’, ‘बाळंतपणात गेली’, ‘ताप डोक्यात गेला’. हे खोटं नसतं. पण यातल्या कितीतरी मृत्यूंची शेवटची पायरी एकच असते, आणि तिला नाव नसल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही.

ती पायरी कोणती? जंतू शरीरात शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं. ताप, सूज, पू हा त्या लढाईचाच भाग. कधी कधी मात्र ही लढाई शरीराच्या हाताबाहेर जाते. चोराला पकडायला निघालेला जमाव गावालाच आग लावत सुटावा, तसं काहीसं होतं. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्याने केली. तिचं सार असं, की जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद बेताल होतो आणि त्यापायी मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागतात. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी एक. कॅन्सरला आपण घाबरतो, हार्ट अ‍ॅटॅकला घाबरतो. याला घाबरत नाही, कारण याचं नाव आपल्याला माहीत नाही.

आता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रात्रीची वेळ आहे. समोर तापाचे दहा रुग्ण आहेत. नऊ जण गोळी घेऊन दोन दिवसांत बरे होणार आहेत. दहावा सकाळपर्यंत गंभीर होणार आहे. तो दहावा कोण? हे आधी ओळखता यावं म्हणून वैद्यकशास्त्र रक्तातल्या खुणा शोधत आलं आहे. इंग्रजीत त्यांना ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण त्यांना रक्ताची साक्ष म्हणू.

ही साक्ष नोंदवण्याची गोष्ट जुनी आहे आणि तिची सुरुवात दुःखद आहे. १८४३ मध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग इथे योहान योसेफ शेरर या संशोधकाने बाळंतज्वराने मरण पावलेल्या स्त्रियांचं रक्त तपासलं. त्यात त्याला लॅक्टिक आम्ल सापडलं. गंभीर आजारात माणसाच्या रक्तात हे आम्ल असतं, हे प्रथमच दिसलं. रक्ताने साक्ष दिली होती, पण बाई गेल्यानंतर. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांची धडपड ही तीच साक्ष माणूस जिवंत असताना, आणि होईल तितकी लवकर, मिळवण्याची आहे.

लॅक्टेट म्हणजे काय, हे चुलीवरून समजून घेऊ. कोरडं लाकूड नीट जळतं. ओलं लाकूड घातलं, किंवा चुलीला हवा कमी पडली, की धूर होतो. शरीराच्या पेशींना प्राणवायू पुरेनासा झाला, किंवा शरीरावर विलक्षण ताण आला, की साखर अर्धवट जळते आणि मागे लॅक्टेट उरतं. ते साधारण २ मिलिमोलपेक्षा कमी असावं. ४ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, कारण वरून रक्तदाब बरा दिसत असला तरी आत काहीतरी बिनसलेलं असतं.

दुसरी खूण सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ती सापडली. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करतं. तिसरी खूण प्रोकॅल्सिटोनिन. एरवी हा पदार्थ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीपुरता मर्यादित असतो. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या अनेक ठिकाणच्या पेशी तो रक्तात सोडू लागतात. फ्रेंच संशोधकांनी १९९३ मध्ये हे दाखवून दिलं. सीआरपी चढायला अर्धा दिवस घेते आणि दोनेक दिवसांनी कळस गाठते. प्रोकॅल्सिटोनिन काही तासांतच वर जातं.

यातली काही नावं आता नाशिककरांना नवी नाहीत. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात आपण सगळेच अर्धे पॅथॉलॉजिस्ट झालो होतो. सीआरपी किती, डी-डायमर किती, फेरिटिन किती, हे आकडे मोबाइलवरून या घरातून त्या घरात जात होते. ज्या आजींनी कधी शाळा पाहिली नाही, त्याही ‘शिआरपी उतरली का?’ असं विचारत. त्या काळाने आपल्याला आकडे शिकवले. आकड्यांचा अर्थ लावायला मात्र शिकवलं नाही. आकडा वाढला की घबराट, उतरला की निश्चिंती, एवढंच आपण शिकलो.

म्हणून साक्षीदाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धूर दिसला म्हणजे चूल नीट पेटलेली नाही एवढं कळतं. लाकूड ओलं आहे की वारा बंद आहे, हे धूर सांगत नाही. लॅक्टेट फिट येऊन गेल्यावर वाढतं, यकृताच्या आजारात वाढतं, दम्याच्या काही औषधांनीही वाढतं. सीआरपी संधिवातातही चढते. प्रोकॅल्सिटोनिन मोठ्या अपघातानंतर, भाजल्यावर, मूत्रपिंडाच्या विकारात, मलेरियातही वर जाऊ शकतं. उलट बाजूही आहे. आजाराच्या पहिल्या काही तासांत खुणा अजून रक्तात उतरलेल्याच नसतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ असतो आणि माणूस मात्र घसरत असतो. सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२१ मध्ये सुधारल्या, तेव्हा त्यांत असंच सुचवलं गेलं, की प्रतिजैविक सुरू करायचं की नाही हे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ठरवावं. त्या निर्णयासाठी प्रोकॅल्सिटोनिनची जोड घेऊ नये.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. तिची जागा वेगळी आहे. प्रतिजैविक कधी थांबवायचं, हे ठरवताना ती कामी येते. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज प्रोकॅल्सिटोनिन पाहून उपचार केलेल्या रुग्णांना प्रतिजैविकं थोडे कमी दिवस द्यावी लागली आणि त्यात धोकाही वाढला नाही. सीआरपी पाहून मात्र असा फरक पडला नाही. औषधांना न जुमानणारे जंतू आपल्या इस्पितळांत वाढत असताना एक दिवस कमी औषध ही लहान गोष्ट नाही. लॅक्टेटचंही तसंच. एकदा काढलेल्या आकड्यापेक्षा दोन-चार तासांनी पुन्हा काढलेला आकडा जास्त बोलतो. उतरत असेल तर उपचार लागू पडताहेत. तिथेच असेल किंवा चढत असेल तर डॉक्टरांनी पुन्हा विचार करायचा.

आणखी एक गोष्ट. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी अतिदक्षता विभागात ‘सोफा’ नावाची गुणपद्धत वापरतात. तिच्यात सहा गोष्टी पाहतात: श्वास, रक्तदाब, शुद्ध, प्लेटलेट, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन. यातल्या शेवटच्या तीन रक्तचाचण्या अगदी साध्या, तालुक्याच्या गावीही होणाऱ्या. प्रोकॅल्सिटोनिनला त्यांच्या कितीतरी पट पैसे पडतात. महागडी तपासणी झाली नाही म्हणून रुग्णाचं काही कळलंच नाही, असं समजायचं कारण नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एमॅन्युएल रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर सेप्सिसचे २६३ रुग्ण घेतले. रक्तदाब न सावरणारे किंवा लॅक्टेट ४ आणि त्यावर असलेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले, अर्ध्यांना कॅज्युअल्टीतच पहिले सहा तास आखीव उपचार. नेहमीच्या गटात ४६.५ टक्के दगावले, दुसऱ्यात ३०.५ टक्के. जगभर खळबळ उडाली. पुढे २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड इथे तीन मोठ्या चाचण्या झाल्या; त्यांत आखीव उपचार आणि नेहमीचे उपचार यांत फरकच दिसला नाही. याचा एक अर्थ असा लावला जातो, की मधल्या काळात ‘नेहमीचे उपचार’च बदलले होते. डॉक्टर सेप्सिस लवकर ओळखू लागले होते. सलाईन आणि प्रतिजैविक लवकर देऊ लागले होते. पद्धतीतल्या बाकी बारकाव्यांपेक्षा लवकर लक्ष जाणं महत्त्वाचं ठरलं. २०२१ च्या सूचनाही तेच सांगतात. रुग्ण शॉकमध्ये असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर प्रतिजैविक ओळख पटल्यापासून तासाभरात द्यावं. शंका असेल पण शॉक नसेल, तर झटपट तपासण्या कराव्यात, आणि तरीही शंका राहिली तर तीन तासांच्या आत द्यावं.

तासाभरात! आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीचे पाडे. तिथून निघून डोंगररस्त्याने नाशिकचं सिव्हिल गाठायचं. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, ही मोठी सोय झाली. पण रुग्णवाहिका बोलावायची वेळ आली आहे, हे घरातल्या माणसाला आधी कळायला हवं. रक्ताची साक्ष सुई टोचल्यावर सुरू होते. त्याआधीचे सगळे तास घरच्यांच्या हातात असतात.

घरच्यांची साक्ष खरंच उपयोगी पडते का? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत मिळालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या घरोघरी जाऊन बाळांना पाहत आणि जंतुदोष ओळखून उपचार करत. जवळ प्रयोगशाळा नाही, रक्तचाचणी नाही. हाताशी घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा आणि आईशी बोलणं. उपचार म्हणजे तोंडाने एक प्रतिजैविक आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. सेप्सिस झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण १६.६ टक्के होतं, ते २.८ टक्क्यांवर आलं. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ पर्यंत उतरला. पुढे २०११ मध्ये घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारला गेला.

या संशोधकांनी धोक्याच्या ज्या खुणा निवडल्या, त्या पाहण्यासारख्या आहेत. बाळाचं अंगावर पिणं कमी झालं किंवा थांबलं. रडणं क्षीण झालं. हातपाय लुळे पडले. आई म्हणते, बाळ हाताला गार लागतंय. अशा सात खुणांपैकी कुठल्याही दोन एकदम दिसल्या, की उपचाराची गरज आहे असं समजायचं. यातली ‘आई म्हणते’ ही खूण मला फार मोलाची वाटते. आईचं म्हणणं हा इथे वैद्यकीय पुरावा मानला गेला. एरवी दवाखान्यात ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हणून जिला गप्प केलं जातं, तिची साक्ष इथे कागदावर लिहून घेतली गेली, आणि तिने जीव वाचले.

मोठ्या माणसांच्या खुणा वेगळ्या, पण त्याही घरातच दिसतात. श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त होणं, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली येणं आणि भान हरपू लागणं, या तीन गोष्टी २०१६ च्या तज्ज्ञांनी झटपट पाहणीसाठी सुचवल्या. पुढे एवढ्या तीनच खुणांवर विसंबू नये, असंही ठरलं, आणि ते रास्तच आहे. पण श्वास मोजायला घड्याळ पुरतं आणि भान हरपल्याचं घरच्यांइतकं लवकर कुणालाच कळत नाही. ‘अप्पा कालपासून भलतंच बोलताहेत’ हे वाक्य मेंदूला रक्त कमी पडत असल्याची बातमी असू शकतं. ‘सकाळपासून लघवीलाच झालं नाही’ ही मूत्रपिंडाची बातमी. ‘थंडी वाजून दात वाजत होते’, ‘धाप लागलीय’, ‘कातडीवर काळेनिळे डाग आलेत’, या सगळ्या बातम्याच. म्हाताऱ्या माणसांत तर ताप येतोच असं नाही. अंग उलट थंड पडतं, आणि आपण म्हणतो, ‘चला, ताप उतरला.’

माझी दादी तापाच्या माणसाच्या कपाळाला हात लावायची, पण तळपायही चाचपून पाहायची. ‘कपाल गरम और पाँव ठंडे’ असलं की तिचा चेहरा बदलायचा. तिला कारण सांगता आलं नसतं. कारण आता विज्ञान सांगतं. रक्ताचा पुरवठा तोकडा पडला की शरीर आधी हातापायांचं रक्त काढून हृदयाला आणि मेंदूला देतं. दक्षिण अमेरिकेतल्या २८ अतिदक्षता विभागांत ४२४ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटात लॅक्टेट पाहून उपचार ठरवले. दुसऱ्या गटात बोटाचं टोक दहा सेकंद दाबून धरायचं, सोडायचं आणि रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का ते पाहायचं. बोट पाहणाऱ्या गटात ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेट पाहणाऱ्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा फरक थोडक्यात कमी पडला, त्यामुळे बोट लॅक्टेटहून श्रेष्ठ असं त्यातून म्हणता येत नाही. पण एक साधं दाबलेलं बोट प्रयोगशाळेच्या आकड्याच्या शेजारी बसू शकतं, एवढं तरी दिसलं.

मला यातून एवढंच म्हणायचं आहे, की साक्षीदार दोन आहेत. रक्त नेमकं बोलतं, पण उशिरा बोलतं आणि विचारल्यावरच बोलतं. घरचे ढोबळ बोलतात, पण लवकर बोलतात. न्याय करणारा डॉक्टर. त्याला दोघांचं ऐकून घ्यावं लागतं. आणि आपल्या भागात यातल्या दुसऱ्या साक्षीदारापुढे भाषेची भिंत असते. पेठची बाई कोकणा बोलीत बोलते, मालेगावचा विणकर उर्दूत, डॉक्टर इंग्रजीत लिहितात, आणि केसपेपरवर उतरतं एवढंच: ‘दोन दिवस ताप’. बाईने सांगितलेलं असतं, की ‘माणूस ओळख देत नाही’. ते वाक्य कागदावर येत नाही आणि तिच्याबरोबरच बाहेरच्या बाकावर जाऊन बसतं. उर्दू आणि मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही भिंत रोज दिसते.

म्हणून श्रोतेहो, दोन-तीन साध्या विनंत्या. ताप, न्यूमोनिया, लघवीची आग, चिघळलेली जखम, नुकतंच झालेलं बाळंतपण किंवा ऑपरेशन, यांपैकी काही असेल आणि त्यात भान, श्वास किंवा लघवी यांत बदल झाला, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मनाने तापाचं ‘पॅकेज’ तपासून रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका. रिपोर्ट माणसाच्या मागून येऊ द्या, माणूस रिपोर्टच्या मागून नको. दवाखान्यात गेल्यावर नुसतं ‘ताप आहे’ म्हणू नका. काय बदललं आणि केव्हापासून, हे तुमच्या भाषेत, तुमच्या शब्दांत सांगा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, चालू असलेली औषधं, सगळं सांगा. आणि मग न घाबरता विचारा, ‘डॉक्टर, हा सेप्सिस तर नसेल ना?’

असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. दहा रुग्णांच्या गर्दीत त्यांचं लक्ष त्या दहाव्याकडे वळवणं आहे. मराठीत या आजाराला चांगलं नाव मिळेल तेव्हा मिळो. तोवर ‘सेप्सिस’ हाच शब्द घरात वापरात आणू या. पोलिओ, टीबी, डेंग्यू हे शब्दही परकेच होते. ते तोंडी रुळले, आणि त्यानंतरच लोक वेळेवर दवाखान्यात जाऊ लागले.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)